ब्रॅम्ली : फक्त शिजवण्यासाठी लावलेलं सफरचंद

आपल्या फळझाडांच्या मालिकेत आज असं फळ घेतलंय, जे तुम्हाला इंदूरच्या बाजारात दिसणार नाही, बडोद्याच्या नाही, हैदराबादच्याही नाही. आणि समजा कुठे मिळालंच, तुम्ही कौतुकानं त्याचा एक घास घेतलात, तर दुसरा घ्याल याची मला खात्री नाही. फळ दिसायला मोठं, हिरवं, थोडं चपटं, एका अंगाला लालसर रेघा. एकेक फळ पाव किलोच्या घरात जातं, क्वचित त्याहूनही जड. दिसतं झकास आणि लागतं आंबट ढॅण.

हे ब्रॅम्ली. इंग्लंडचं शिजवायचं सफरचंद.

आपल्याला 'शिजवायचं सफरचंद' हा शब्दच विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे सफरचंद म्हणजे आजारी माणसाला कापून द्यायचं फळ. पण जरा आंब्याकडे बघा. लोणच्याच्या कैरीचं झाड वेगळं, रसाच्या आंब्याचं वेगळं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवायला लागत नव्हतं. लोणच्याची कैरी पिकवून खाल्ली तर ती धड आंबाही होत नाही. केळ्यांत राजेळी केळं असतं, हलव्याला आणि वेफर्सना ते हवं, एरवी मात्र आपण वेलची केळंच सोलतो. इंग्रजांनी सफरचंदाच्या बाबतीत नेमकं हेच केलं. खायची सफरचंदं एका बाजूला, शिजवायची दुसऱ्या बाजूला. सफरचंद शिजवतात अनेक देशांत, पण हा भेद इतका काटेकोर पाळणारे इंग्रजच. त्यांच्या दुकानात ब्रॅम्ली वेगळ्या खोक्यात असतं आणि घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं की हे उचलून दाताखाली धरायचं नाही.

जाता जाता एक गंमत सांगते. न्यूटनची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. लिंकनशरमध्ये वूल्सथॉर्पला त्याच्या घरापाशी जे झाड होतं, ते 'फ्लॉवर ऑफ केंट' नावाच्या जातीचं, आणि ती जातही शिजवायचीच आहे. त्या झाडाच्या वंशातली रोपं पुण्याच्या 'आयुका'च्या आवारात मुद्दाम आणून लावली होती. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं सफरचंद पडलं तेव्हा न्यूटननं ते उचलून खाल्लं असेल, अशी जी चित्रं काढतात, त्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तर ब्रॅम्ली. नॉटिंगहॅमला मी नऊ वर्षं राहिले. तिथून वीसेक किलोमीटरवर साउथवेल नावाचं लहानसं गाव आहे. मोठं जुनं चर्च, भोवती विटांची घरं. गावाच्या नावाच्या उच्चारावरून तिथे कायम वाद असतो, बाहेरचे त्याला 'सदल' म्हणतात आणि गावातले बरेच जण लिहिलंय तसंच 'साउथवेल'. त्या गावातल्या चर्च स्ट्रीटवरच्या एका घराच्या मागे १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या काही बिया लावल्या. आपण नाही का आंबा खाल्ल्यावर कोय परसात पुरत, तसंच. त्यातलं एक रोप जगलं आणि वाढलं.

इथे आपल्या कोकणातल्या माणसाला पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही. बी लावून आलेलं झाड म्हणजे रायवळ. रायवळ आंब्याला फळ कसं येईल ते झाडालाही माहीत नसतं. सफरचंदाचंही तसंच. गोड सफरचंदाची बी लावा, झाड येईल, पण फळ आईसारखं येईलच असं नाही. बहुतेक वेळा काहीतरी बारकं, तुरट येतं. हजारात एखादं असं निघतं की लोक थांबून विचारतात, हे कुठलं? मेरी अ‍ॅनचं झाड ते हजारातलं एक निघालं. पण लग्न करून ती त्या घरातून गेली आणि तिच्या झाडाचा बोलबाला व्हायच्या आधीच वारली. तिला कधी कळलंच नाही.

१८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. पुढे १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर हा तिथल्याच रोपवाटिकेतला सतरा वर्षांचा मुलगा. पाद्रीबुवांच्या माळ्याच्या हातातल्या टोपलीत त्याला ही सफरचंदं दिसली, असं सांगतात. चौकशी करत तो ब्रॅम्लीच्या दारात आला आणि कलमासाठी काड्या मागितल्या. खाटीक म्हणाला, ने, पण फळाला नाव माझं द्यायचं. झालं. बी लावणारीचं नाव गेलं, कलम बांधणाऱ्याचंही गेलं, आणि ज्यानं फक्त 'ने' म्हटलं त्याचं नाव आज जगभर आहे. मला हे कधीच पटलेलं नाही, पण फळांची नावं अशीच पडतात. आपला हापूसही अल्फोन्सो डी अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराच्या नावानंच ओळखला जातो. त्यानं काही फांद्या बांधल्या नव्हत्या.

मेरीवेदरच्या वहीतली पहिली नोंद ३१ ऑक्टोबर १८६२ ची आहे. तीन ब्रॅम्ली सफरचंदं, दोन शिलिंग, गिऱ्हाईक अप्टन हॉलचे जॉर्ज कूपर. १८७६ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळ समितीनं त्याची वाखाणणी केली आणि मग त्याचा प्रसार थांबला नाही. केंटमध्ये, केंब्रिजशरच्या विस्बेक भागात, आणि समुद्र ओलांडून उत्तर आयर्लंडच्या आर्मा परगण्यात बागाच्या बागा उभ्या राहिल्या. आर्माच्या ब्रॅम्लीला २०१२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आपल्या जीआयसारखं.

आता मुद्द्याची गोष्ट. कलम म्हणजे झाडाचं मूल नव्हे, ते तेच झाड असतं. साउथवेलच्या त्या झाडाची काडी दुसऱ्या खुंटावर बांधली, तिची काडी तिसऱ्यावर, असं करत आज जगात जितकी ब्रॅम्लीची झाडं आहेत, ती सगळी मिळून एकच झाड आहे. मेरी अ‍ॅननं लावलेलं. फक्त ते लाखो ठिकाणी उभं आहे.

आणि ते मूळ झाड? तेही अजून उभं आहे, म्हणजे 'उभं' म्हणावं का हा प्रश्नच आहे. १९०० मध्ये वादळात ते कोसळलं. तोडून टाकलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण टेकलेल्या लाकडानं जमिनीत मुळं धरली आणि तिथून नवे धुमारे फुटले. आपण दाब कलम करतो ना, फांदी वाकवून मातीत पुरून, ते झाडानं स्वतःच केलं. त्यावर शंभरहून जास्त वर्षं ते जगलं, फळलं. आता मात्र त्याला हनी फंगस नावाची बुरशी लागली आहे. ही मुळांपासून लाकूड कुजवत वर येते आणि तिच्यावर उपाय नाही. ती घरं पुढे नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाकडे आली आणि त्या लोकांनी झाडाची होईल तेवढी काळजी घेतली.

१९९० च्या सुमारास नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या म्हाताऱ्या झाडाचे कोवळे शेंडे घेऊन उती संवर्धन केलं, म्हणजे आपल्या जळगावच्या केळीची रोपं प्रयोगशाळेत करतात तसं. त्यांतली झाडं विद्यापीठाच्या आवारात लावली. मी ती पाहिली आहेत. पाटी वाचली नाही तर साधी सफरचंदाची झाडं, त्याखाली सायकली लावलेल्या. या खटाटोपाचं कारण सरळ आहे. दीडशे वर्षं काडीवरून काडी करताना विषाणू साठतात, बारीकसारीक बदल होत जातात. त्यामुळे मूळ झाडाचाच थेट ठेवा हाताशी असलेला बरा. त्यातून आणखी एक गोष्ट झाली, ही झाडं दुसऱ्याच्या खुंटावर नाहीत, स्वतःच्याच मुळांवर उभी आहेत. कलमांच्या जगात अशी झाडं दुर्मीळच.

मग कुणी म्हणेल, एवढं आहे तर ब्रॅम्लीच्या बिया लावून पुढची पिढी का नाही काढत? इथे गाडी अडते. साध्या सफरचंदात गुणसूत्रांचे दोन संच असतात, सतरा आणि सतरा, मिळून चौतीस. ब्रॅम्लीत तीन संच आहेत, एक्कावन्न गुणसूत्रं. पराग तयार होताना संच निम्मे व्हावे लागतात आणि तीनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत. म्हणून ब्रॅम्लीचा पराग जवळजवळ निकामी. बाजारातल्या केळ्यातही हेच घडलंय, तिथेही तीन संच आहेत, म्हणून तर केळ्यात बी नसते. ब्रॅम्लीत बिया असतात, पण कमी आणि बेभरवशाच्या. या तिसऱ्या संचाचा फायदा म्हणजे झाड दांडगं होतं, पानं जाड आणि रुंद, फळं थोराड. तोटा हा की माणसाच्या हाताशिवाय त्याचा वंश पुढे जात नाही. ज्या दिवशी लोकांना हे फळ शिजवावंसं वाटणार नाही, त्या दिवसापासून काड्या बांधणं थांबेल. आणि ही भीती कल्पनेतली नाही. गेल्या काही दशकांत ब्रॅम्लीच्या बागांचं क्षेत्र घटत आलंय. घरी पाय करायला वेळ कुणाला आहे, आणि लहान कुटुंबाला एवढं मोठं आंबट फळ घेऊन करायचं काय?

बरं, लावायचं कसं ते बघू. आपले काही प्रेक्षक शिमला, अल्मोडा, मुक्तेश्वर भागातले आहेत, त्यांना हे जास्त जवळचं वाटेल.

पहिली गोष्ट परागीकरणाची. साध्या सफरचंदाला एक सोबती लागतो. ब्रॅम्लीला दोन लागतात. कारण असं की शेजारी जेम्स ग्रीव्ह लावलं, तर त्याचा पराग ब्रॅम्लीला मिळेल, पण ब्रॅम्लीचा पराग जेम्स ग्रीव्हला उपयोगाचा नाही, मग त्या बिचाऱ्याला फळ कुठून धरणार? म्हणून तिसरं झाड, समजा ग्रेनेडिअर. ही दोघं एकमेकांना देतात आणि ब्रॅम्ली दोघांकडून घेतं. इंग्लंडच्या शहरांत लोक एकच झाड लावतात आणि तरी फळ येतं, कारण शेजारपाजारच्या परसांत सफरचंदं असतातच आणि मधमाश्यांना कुंपण नसतं. मोकळ्या माळावर मात्र एकटं ब्रॅम्ली लावून काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट खुंटाची. झाडाचा आकार वरची काडी थोडाफार ठरवते, पण लगाम खालच्या खुंटाच्या हातात असतो. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग इथल्या संशोधन केंद्रानं हे खुंट निवडले, त्यांना 'एम' आणि 'एमएम' असे क्रमांक दिले. तेच खुंट आज हिमाचल-काश्मीरच्या बागांतही आहेत. 'एमएम १०६' हे नाव तिकडच्या बागायतदाराला पाठ असतं. 'एमएम' मालिका मुद्दाम लोकरी माव्याला तोंड देणारी म्हणून तयार केली. लोकरी मावा म्हटलं की आपल्या ऊसवाल्यांचे कान टवकारतात, पण सफरचंदावरचा मावा वेगळा, तो मुळांवर आणि सालीवर बसतो. तर ब्रॅम्ली मुळात दांडगं, त्यामुळे त्याला एक पायरी बुटका खुंट द्यावा. 'एम २५' वर बांधलं तर आठ-नऊ मीटरची जागा लागेल, शिडी लागेल आणि पहिलं बरं पीक तुम्हाला सहा-सात वर्षांनी दिसेल. 'एमएम १०६' वर पाच मीटर धरा. 'एम ९' वर झाड आटोपशीर राहतं, तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळतं, पण त्याला जन्मभर खांबाचा आधार हवा.

लावताना एवढंच सांभाळा की कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोड पुरला तर वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा लगाम सुटतो. झाड झोपेत असताना, पानं नसताना लावावं. आळं करून आच्छादन घालावं, पण शेणखताचा मारा नको. ब्रॅम्लीला नत्र जास्त झालं, पाणी कधी भरपूर कधी शून्य असं झालं, की फळाच्या सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके पडतात. याला 'बिटर पिट' म्हणतात. हा रोग नव्हे, फळाला कॅल्शियम पोचत नाही त्याची ही खूण. थोराड फळांच्या जातींना हा त्रास फार, आणि ब्रॅम्ली त्यांत वरच्या रांगेत.

छाटणीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण इथेच झाडं वाया जातात. बहुतेक सफरचंदांना फळ येतं ते आखूड, सुरकुतलेल्या फळकाड्यांवर. म्हणून माळी सरसकट सगळ्या डहाळ्यांची टोकं सिकेटरनं उडवतो आणि त्याचं चालून जातं. ब्रॅम्लीला फळकाड्यांवर फळ येतं तसंच बारीक डहाळ्यांच्या टोकांवरही येतं. तुम्ही टोकं उडवलीत की पुढच्या वर्षीचं अर्धं पीक तुमच्या पायाशी पडलं. शिवाय झाड चिडून चौपट धुमारे फेकतं. म्हणून इथे छाटायचं कमी आणि काढायचं ते बुडापासून. मधली गर्दी, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या, वाळलेलं लाकूड. बारीक डहाळ्या राहू द्या. या जातीला सालाआड फळण्याची खोडही आहे, आपल्या आंब्यासारखी. भरपूर फळ धरलं त्या वर्षी लहान असताना घडातली निम्मी खुडून टाका, पुढचं वर्ष कोरडं जात नाही.

फुलं गुलाबी-पांढरी, फार देखणी, पण वसंतातल्या उशिराच्या दहिवरानं जळतात. खोलगट जागेत थंड हवा साठते, तिथे ब्रॅम्ली लावू नये, उतारावर लावावं.

तोडणी ऑक्टोबरमध्ये. फळ तळव्यात धरून किंचित वर उचलून पिळायचं, सहज सुटलं तर तयार. ओढायचं नाही. इंग्लंडमध्ये त्या दिवसांत घरांच्या फाटकांबाहेर पुठ्ठ्याची खोकी ठेवलेली दिसतात, आत पडीची ब्रॅम्ली आणि वर चिठ्ठी, लागतील तेवढी न्या. पहिल्या वर्षी मला संकोच वाटायचा, नंतर मीच पिशवी घेऊन फिरायचे.

साठवण हा ब्रॅम्लीचा मोठा गुण. आपण आंबा पिकावा म्हणून अढी घालतो, फळाला फळ लावून, पेंढ्यात ऊब धरून. ब्रॅम्लीचं सगळं उलट. ते पिकू नये म्हणून धडपड. एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळायचं, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको, खोली थंड, अंधारी, हवेशीर. असं ठेवलेलं निरोगी फळ मार्चपर्यंत टिकतं. डाग पडलेलं एक जरी आत गेलं तरी घात, म्हणून दर आठवड्याला नजर फिरवायची. फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की गोदामातला ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त ठेवला, तर फळाचा श्वास मंदावतो आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. त्यावर आधारलेलं पहिलं व्यापारी गोदाम १९२९ मध्ये केंटमध्ये उभं राहिलं आणि त्यात ठेवलेलं फळ ब्रॅम्लीच होतं. आज मे महिन्यात तुम्हाला इंदूरला हिमाचलचं कुरकुरीत सफरचंद मिळतं ते ज्या सीए स्टोअरमुळे, त्याची मुळं इथे आहेत.

आता स्वयंपाकघर. गोड सफरचंद शिजवून पाहा. फोडी फोडीच राहतात, सुगंध वाफेबरोबर जातो आणि साखर घातली की फक्त साखरेची चव लागते. ब्रॅम्ली आंबट असतं ते मॅलिक आम्लानं, आणि ते आम्ल शिजवून उडून जात नाही. म्हणून साखर, लोणी, दालचिनी कशाच्याही खाली ते दबत नाही. दुसरं म्हणजे त्याचा पोत. सफरचंदाच्या आकारमानाचा साधारण पाव भाग नुसती हवा असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. ब्रॅम्ली तापलं की पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटतं, पेशी एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि आतली हवा-वाफ त्यांना फुलवते. पाच-सात मिनिटांत फोडींचा हलका, फेसाळ गोळा होतो. चमच्यानं घोटायचीही गरज नाही.

हे बघायचं तर भाजलेलं ब्रॅम्ली करावं. मधला गाभा काढा. कंबरेभोवती सुरीनं सालीवर एक रेघ मारा, ही रेघ विसरायची नाही, नाहीतर फळ ओव्हनमध्ये फुटतं. पोकळीत मनुका, थोडी ब्राऊन शुगर, लोण्याचा लहान गोळा आणि दालचिनी. ताटलीत दोन चमचे पाणी घालून १८० अंशांवर चाळीसेक मिनिटं. रेघेच्या वरची साल टोपीसारखी उचलली जाते आणि खालून पांढरा फेस डोकावतो. लहान मुलांना हे दाखवाच.

क्रंबल तर आपल्या बायकांना उपजत येईल. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंड लोणी, बोटांच्या टोकांनी चोळायचं, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं, रव्यासारखं होईपर्यंत. मग ८० ग्रॅम साखर मिसळायची. खाली ब्रॅम्लीच्या फोडी आणि त्यांना लागेल तेवढी साखर, वर हा चुरा सैलसर पसरायचा, दाबायचा नाही. १८० अंशांवर चाळीस मिनिटं. कडेनं रस उकळून वर आला की झालं. इंग्रज त्यावर गरम कस्टर्ड ओततात. सप्टेंबरमध्ये कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात त्या मूठभर आत टाकल्या तर रंग असा येतो की विचारू नका. ब्लॅकबेरीच्या जॅमला आळून येण्यासाठीही ब्रॅम्लीच घालतात, पेक्टिन भरपूर म्हणून.

पण खरं सांगू का, माझ्या घरी ब्रॅम्ली पायमध्ये फार कमी गेलं. त्याचं झालं कैरीचं काम. तिथे कैरी मिळायची ती विमानानं आलेली, सुरकुतलेली, महाग. ब्रॅम्ली मात्र फाटकाबाहेरच्या खोक्यात फुकट. दोघांच्या आंबटपणात फरक आहे, कैरीत प्रामुख्यानं सायट्रिक आम्ल, ब्रॅम्लीत मॅलिक, त्यामुळे ब्रॅम्लीचा आंबटपणा जरा रेंगाळतो. मेथांबा उत्तम होतो. तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, तिखट, गूळ आणि थोडं पाणी, आधी गुळाचा पाक उकळू द्यायचा आणि फोडी सालीसकट शेवटी टाकायच्या. दोन मिनिटांत गॅस बंद. कैरीच्या अंदाजानं शिजवत बसाल तर मेथांब्याचं वरण होईल. पन्ह्याला तर कुकरही नको, पाण्यात चार फोडी उकळल्या की गर तयार, गूळ, वेलची, मीठ. आमटीत आमसूल संपलं तर एक फोड. कैरीची डाळ मात्र जमत नाही. किसलेलं ब्रॅम्ली पाणी सोडतं आणि डाळ गिळगिळीत होते.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न, मग हे आपल्याकडे का नाही आलं? इंग्रज एवढी वर्षं होते की. सफरचंदं आली ना. कॅप्टन ली यांनी १८७० मध्ये कुलूच्या खोऱ्यात बंदरोलला बाग लावली ती विलायती जातींचीच. पण त्या जातींत आंबटपणा होता आणि आपल्या लोकांना फळ हवं होतं गोड. १९१६ मध्ये सत्यानंद स्टोक्स यांनी कोटगढला अमेरिकेहून 'डिलिशस' आणून लावलं, गडद लाल, गोड, आणि हिमाचलचं नशीबच पालटलं. त्यापुढे आंबट विलायती सफरचंदाला कोण विचारतो? स्टोक्स यांनी केलं ते व्यवहाराला धरूनच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. आपण डाळीपासून सरबतापर्यंत आंबट रांधणारी माणसं, चिंच, आमसूल, कैरी, कवठ यांच्यावर जीव टाकणारी, आणि सफरचंद मात्र फक्त गोड हवं. काश्मिरी पंडितांनी ही चूक केली नाही. आंबट सफरचंद आणि वांग्याची त्यांची भाजी आहे, मोहरीच्या तेलात परतलेली, बडीशेप आणि सुंठेची पूड घातलेली. श्रीनगरला कुणाच्या घरी जायचा योग आला तर संकोच न करता मागा. आणि उत्तराखंडात 'रायमर' नावाचं जुनं विलायती शिजवायचं सफरचंद अजून टिकून आहे. भाव मिळत नाही म्हणून लोक ते काढून लाल सफरचंदं लावायला बघतात. कुमाऊँतल्या माझ्या प्रेक्षकांना सांगणं आहे, काढण्याआधी एकदा क्रंबल करून बघा, किंवा मेथांबा.

मैदानी शहरात ब्रॅम्ली लावता येईल का, तर नाही. त्याला हिवाळ्यात लांबलचक, कडक थंडीची झोप लागते. इंदूरची दोन महिन्यांची गुलाबी थंडी त्याच्या खिजगणतीतही नाही. झाड जगेल कदाचित, फळणार नाही. चवीपुरता पर्याय हवा असेल तर बाजारात हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळतं, ते घ्या. आंबट आहे, पण शिजवल्यावर फेसाळत नाही, फोडी टिकतात. म्हणून चौथ्या भागाच्या फोडी किसून घाला, वर अर्ध्या लिंबाचा रस पिळा आणि साखर एक चमचा कमी. भाजताना वेळ दहा मिनिटं वाढवा. मेथांब्याला मात्र ग्रॅनी स्मिथ ब्रॅम्लीपेक्षा बरं, कारण ते विरघळायची घाई करत नाही.